उपासप्रार्थना : एका समासाचा अर्थ आणि ख्रिस्ती मराठी वाङ्मय

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता घाट चढू लागतो, त्या पायथ्याशी कात्रज आहे. एके काळचे हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर झाले आहे आणि इतर उपनगरांप्रमाणेच येथेही निरनिराळ्या जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेली माणसे शेजारी म्हणून राहतात. अशा वस्तीतील मराठी ख्रिस्ती घरांतून झावळ्यांचा रविवार उलटला की एक शब्द वारंवार कानी पडतो. तो शब्द म्हणजे ‘उपासप्रार्थना’. उद्या अमक्यांच्या घरी उपासप्रार्थना आहे, उपासप्रार्थनेला सगळे या, उपासप्रार्थना आटोपायला दुपार झाली, अशी त्याची योजना होते. शब्द इतका साधा व त्याचा वापर इतका सहज आहे की अभ्यासकाने तेथे थांबण्याचे कारण नाही असे प्रथमदर्शनी वाटावे. परंतु ख्रिस्ती मराठीविषयी आपल्या वाङ्मयविचारात जो एक समज रूढ झालेला आहे, त्याची परीक्षा ह्या एका शब्दावर होऊ शकते.

तो समज असा, की फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची कविता ही दोन शिखरे वगळली, तर ख्रिस्ती मराठी ही भाषांतराची मराठी होय. ह्या मताला आधार नाही असे नाही. ‘उत्तम शुक्रवार’ हा शब्द पाहावा. इंग्रजीत ह्या दिवसाच्या नावातील विशेषणाला ‘पवित्र’ असा जुना अर्थ आहे. तो अर्थ मागे राहिला आणि विशेषण तेवढे मराठीत आले. ज्या दिवशी ख्रिस्ताला वधस्तंभावर खिळले तो दिवस ‘उत्तम’ कसा, असा प्रश्न मराठी माणसास पडतो आणि त्याचे उत्तर दरवर्षी व्यासपीठावरून द्यावे लागते. पोर्तुगीज भाषा ह्याच दिवसाला सरळ ‘पवित्र शुक्रवार’ म्हणते आणि जर्मन भाषेत तर त्याच्या नावातच शोक आहे. मराठी शब्दाने यांपैकी काहीच साधलेले नाही. तो भाषांतरित आहे आणि वाईट भाषांतरित आहे, हे मान्य करण्यात संकोच नसावा. परंतु एका फसलेल्या शब्दावरून सबंध आठवड्याच्या भाषेविषयी निर्णय देणे बरोबर होणार नाही. त्याच आठवड्यातील ‘झावळ्यांचा रविवार’ हा शब्द पाहिला तर त्यात कोकणातील वाडीचा वास आहे, आणि ‘उपासप्रार्थना’ हा शब्द तर त्याहूनही खोल गेलेला आहे.

प्रथम मूळ आचार कोणता ते थोडक्यात पाहणे इष्ट होय. ईस्टरपूर्वीचा उपास हा चाळीस दिवसांच्या उपासाहून जुना आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आयरेनियस यांनी रोमच्या व्हिक्टरला लिहिलेल्या पत्राचा जो भाग युसेबियसने जतन केला आहे, त्यात कोणी एक दिवस, कोणी दोन दिवस, तर कोणी त्याहून अधिक उपास करतात असे सांगितले आहे आणि ह्या भिन्नतेमुळे ऐक्य बिघडत नाही असा अभिप्राय दिला आहे. तिसऱ्या शतकात सिरियात रचलेल्या ‘डिडास्कालिया’ या ग्रंथात सोमवारपासून गुरुवारपर्यंत केवळ भाकरी, मीठ व पाणी घ्यावे आणि शुक्रवार-शनिवारी काहीच घेऊ नये, असा आठवड्याचा क्रम आढळतो. चाळीस दिवसांचा उल्लेख त्यानंतरचा, म्हणजे इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेच्या पाचव्या नियमातला आहे. तात्पर्य, ह्या आचाराचा गाभा म्हणजे एका सणाच्या आदल्या दिवसांत सर्वांनी मिळून उपाशी राहून वाट पाहणे हा होता. कोणी किती दिवस उपास करावा ह्याविषयी मतभेद चालत, मात्र तो एकत्र करावा ह्याविषयी मतभेद नव्हता.

आता मराठीकडे वळावे. ‘उपास’ हा शब्द मराठीत कोणत्या क्रियापदांबरोबर येतो? उपास धरणे, करणे, सोडणे, मोडणे ही एक मालिका. उपास पडणे, घडणे, काढणे ही दुसरी. पहिल्या मालिकेत कर्ता स्वेच्छेने वागतो, दुसरीत त्याच्यावर प्रसंग ओढवतो. परंतु दोन्ही मालिकांत उपास हा एकेका माणसाचा आहे. दहा माणसांनी एकाच दिवशी उपास केला तरी मराठीत ते दहा उपास होतात. ‘उपासतापास’ हा रूढ द्वंद्व समासही येथे लक्षात घ्यावा. तो बहुधा अनेकवचनी असतो, त्यात किंचित उपहासाची छटा असते आणि त्यातील उपास घरातल्या एका व्यक्तीचे, बहुतेक वेळा बाईचे असतात. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हणसुद्धा एकवचनी कर्त्यालाच टोमणा मारते. कोणी ‘उपासतापासाला गेला’ असे मराठीत म्हणत नाही, कारण उपासतापास हे जाण्याचे ठिकाण नव्हे.

‘उपासप्रार्थनेला’ मात्र माणूस जातो. वारीला, कीर्तनाला, जत्रेला, सभेला जावे तसा. सबंध विवेचनाचा कणा असलेला व्याकरणिक पुरावा तो हाच. समासाचे लिंग-वचन उत्तरपदावरून, म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन. विग्रह दोन प्रकारे होऊ शकतो. ‘उपासासहित प्रार्थना’ असा केला तर मध्यमपदलोपी समास होतो, आणि ‘उपास, प्रार्थना वगैरे’ असा केला तर मीठभाकर, चहापाणी यांच्या जातीचा समाहार द्वंद्व. वापर पाहता दुसरा विग्रह अधिक सयुक्तिक ठरतो. मीठभाकरीत जसे मीठ व भाकर एवढेच नसते, तसे उपासप्रार्थनेत गायन, शास्त्रवाचन, साक्ष, आजाऱ्यांसाठी मागणे आणि अखेरीस एकत्र बसून उपास सोडणे हे सारे येते. शिवाय प्रकृतीमुळे ज्या वृद्धेने उपास केलेलाच नाही, तीही ‘उपासप्रार्थनेला गेले होते’ असे निःसंकोच म्हणते आणि त्यात तिला अगर ऐकणाऱ्याला विसंगती जाणवत नाही. ह्यावरून समासात ‘उपास’ हे व्यक्तीच्या कृतीचे नाव राहिलेले नसून मेळाव्याच्या नावाचा घटक झाले आहे, हे उघड होते.

येथे एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. हा समास मराठीने घडविला असे कसे म्हणता येईल? हिंदीत, तेलुगूत, मल्याळममध्ये ‘उपवास प्रार्थना’ हाच जोड ख्रिस्ती समाजात रूढ आहे. तमिळमध्ये उत्तरपद तेवढे निराळे आहे. भारतीय इंग्रजीतही ह्याचा प्रतिशब्द सर्रास चालतो. आणि मुळात बायबलमध्येच उपास व प्रार्थना यांची जोडी आहे. लूकच्या शुभवर्तमानातील वृद्ध हन्ना मंदिरात हेच करीत होती आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी हेच करते. हा आक्षेप मान्य करावाच लागतो. समासाची कल्पना मराठीची नव्हे. परंतु दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक, शेजारच्या भाषांनी ‘उपवास’ हे तत्सम रूप घेतले असताना मराठी मंडळींच्या तोंडी ‘उपास’ हे तद्भव रूप राहिले. बायबल सोसायटीच्या मराठी शास्त्रातही ‘उपास’ आहे. पोथी, चूल आणि दुष्काळ ह्या तिन्ही ठिकाणी वावरलेला शब्द निवडला गेला, ह्याचे महत्त्व पुढे दिसेल. दुसरी गोष्ट अशी, की शब्द कोठून आला ह्याइतकेच तो कोणाच्या शेजारी येऊन बसला हेही अर्थनिर्णयात पाहावे लागते.

ह्या समासाचा शेजारी म्हणजे ‘सप्ताह’. मराठीत सात दिवसांच्या कालखंडाला ‘आठवडा’ असा चांगला रुळलेला शब्द असताना ख्रिस्ती मराठीने ‘पवित्र आठवडा’ न म्हणता ‘पवित्र सप्ताह’ म्हटले. सरकारी कचेऱ्यांनी अलीकडे वन्यजीव सप्ताह, वाचन सप्ताह असे अनेक सप्ताह काढून ह्या शब्दाचे पाणी पातळ केले आहे, ते सोडा. देशावरील खेड्यातल्या माणसाला सप्ताह म्हणजे कालगणनेचे एकक नव्हेच. सप्ताह म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. तो ‘बसतो’, त्यात वीणा खाली ठेवायचा नसतो, पहारे वाटून घ्यायचे असतात, आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन सारा गाव एका पंगतीत जेवतो. ज्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांमागे हा अनुभव आहे, त्यांच्या कानाला ‘पवित्र सप्ताह’ हा शब्द सात तारखांची यादी म्हणून ऐकू येणे शक्य नव्हते. त्यात पहारा, जागर व शेवटी सर्वांचे जेवण हे अध्याहृतच होते. गुरुवारच्या रात्रीचे जागरण, शुक्रवारी बारापासून तीनपर्यंत वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जणांनी क्रमाने बोलणे, आणि ईस्टरची पहाट हा क्रम त्या साच्यात अलगद बसतो. तीन तासांची ही उपासना मूळची पेरू देशातील लिमा शहरच्या जेझुइटांची, सतराव्या शतकातली. ती इतक्या दूरवरून येऊन मराठी मंडळीत परकी राहिली नाही, ह्याचे एक कारण सप्ताहाच्या ह्या पूर्वसंस्कारात शोधावयास हवे.

एकादशीचेही तेच. वारकऱ्याची एकादशी म्हणजे केवळ न खाणे नव्हे. उपवास, हरिकथा, जागर आणि द्वादशीचे पारणे अशी ती चार पायऱ्यांची रचना आहे. तुकोबांनी एकादशीला जेवणाऱ्यांवर कठोर शब्दांत कोरडे ओढले आहेत, ते ह्या रचनेतून कोणी फुटून निघू नये म्हणून. कात्रजच्या तलावाचे पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळी जमिनीखालच्या नळांनी पुण्यात आणले होते. रस्त्याने चालणाराला ते दिसत नसे, हौदापाशी आल्यावर मात्र हाताला लागे. वारकरी आचाराची परिभाषा ख्रिस्ती मराठीत अशीच वाहत आली आहे. ‘एकादशी’ हा शब्द वर कोठे दिसत नाही, पण ‘सप्ताह’ व ‘उपासप्रार्थना’ या हौदांशी आले की तेच पाणी हाती येते.

शब्दाच्या ह्याहून जुन्या इतिहासाकडेही बोट दाखविणे भाग आहे. शतपथ ब्राह्मणाच्या आरंभीच ‘उपवसथ’ शब्दाची उपपत्ती येते. उद्या यज्ञ होणार हे देवांना कळते, ते आदल्या दिवशीच यजमानाच्या घरी येऊन त्याच्याजवळ वस्ती करतात, आणि अतिथींनी खाण्यापूर्वी यजमानाने खाणे अयोग्य, म्हणून तो उपाशी राहतो. म्हणजे ‘उप’ आणि ‘वस्’ यांतील मूळ अर्थ जवळ राहण्याचा आहे. अन्नत्याग हा त्याचा परिणाम. हाच शब्द पालीत ‘उपोसथ’ झाला तेव्हा तो भिक्षुसंघाच्या एकत्र येण्याचे, पातिमोक्ख म्हणण्याचे नाव ठरला. जैनांच्या ‘पौषधा’तही हे नाते टिकून आहे. भारतीय परंपरेत ह्या शब्दाला सामूहिक अर्थ होता व तो मराठी ‘उपासा’पर्यंत येताना झिजला. १९५६ नंतर मराठी बौद्धांनी ‘उपोसथ’ पुन्हा वापरात आणून तो एका बाजूने परत मिळविला. ख्रिस्ती मराठीने ‘प्रार्थना’ हे उत्तरपद जोडून दुसऱ्या बाजूने मिळविला, असे म्हणावयास हरकत नाही. प्रवचनांतून कधीकधी ‘उपास’ आणि ‘उपासना’ एकाच धातूपासून आले असे सांगितले जाते. ते खरे नाही. ‘उपासना’ हा ‘आस्’ म्हणजे बसणे या धातूचा शब्द आहे. पण ‘जवळ राहणे’ आणि ‘जवळ बसणे’ ह्यांतील अंतर इतके थोडे आहे, की भाषाशास्त्रज्ञाने येथे प्रवचनकारावर फार रागावू नये.

आता वाङ्मय. १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ची रचना सुमारे अकरा हजार ओव्यांची आहे आणि ती मनात वाचण्यासाठी केलेली नाही. सासष्टीतील नवख्रिस्ती लोकांच्या हातून जुनी पुराणे गेली होती. त्यांच्या जागी देवळात जमलेल्या समुदायाला ऐकता येईल असे काही द्यावे, हा तिचा हेतू होता, आणि रविवारी व सणांच्या दिवशी ती वाचली जात असे. स्टीफन्स यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले ह्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी पुराणश्रवणाची बैठकच उचलली. ख्रिस्ताचे दुःखसहन मराठीत पहिल्याने सविस्तर सांगितले गेले ते ओवीत, श्रोत्यांच्या मेळाव्यात. पोर्तुगीजांच्या सहवासातून ‘क्रूस’, ‘पाद्री’, ‘नाताळ’ हे शब्द सबंध मराठीत पसरले. उपासकाळाचा व ईस्टरचा पोर्तुगीज शब्द मात्र कोकणीपुरता आणि किनाऱ्यावरील ख्रिस्ती बोलींपुरता राहिला व देशावर ‘ईस्टर’ हा इंग्रजी शब्द आला. ह्याचे कारण उघड आहे. सण शेजाऱ्याच्या नजरेस पडतो, त्याचा फराळ शेजाऱ्याच्या घरी जातो आणि त्याबरोबर शब्दही जातो. उपास शेजाऱ्याला दिसत नाही.

टिळकांच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तनाला जे स्थान मिळवून दिले, त्यामुळे मंडळीच्या तोंडी मराठी गायन आले. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोघांनाही जागा ठेवली. समुदायाची इतकी तळमळ असलेल्या ह्या कवीच्या अभंगांत बोलणारा मात्र बहुधा एकटा आहे. ‘दास’ ही त्यांची नाममुद्राच एकवचनी आहे. ह्याला दोष म्हणावे काय? कागदावर वाचताना तसे वाटते खरे. परंतु अभंगातील ‘मी’ हा शंभर जण टाळांच्या साथीने म्हणतात तेव्हा तो शंभरांचा होतो, हे तुकोबांपासून चालत आले आहे. टिळकांच्या कवितेवर आत्मनिष्ठेचा शिक्का मारणाऱ्या समीक्षेने ती बव्हंशी ग्रंथालयात वाचली आहे, उत्तम शुक्रवारच्या दुपारी ऐकलेली नाही. ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून अपुरे राहिले व लक्ष्मीबाईंनी ते पुरे करून १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे उलट अडचण आहे. महाकाव्य सांगणाऱ्याचे असते, म्हणणाऱ्यांचे नसते. म्हणूनच मंडळीच्या तोंडी टिळकांची भजने राहिली आणि ‘ख्रिस्तायन’ कपाटात.

ह्या विषयाचा मर्मभाग मात्र काव्यात नाही. तो पंडिता रमाबाईंच्या जीवनात व त्यांच्या केडगावात आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई यांचा अंत १८७४ मध्ये दुष्काळाच्या ओढगस्तीत उपासमारीने झाला. १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाईंनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. दैवतांना प्रसन्न करून घेण्यासाठी केलेले उपास आणि अन्न संपल्यामुळे पडलेले उपास ह्यांच्यामधली रेघ त्या वर्णनात पुसट होत जाते आणि वाचकाला ते लवकर विसरता येत नाही. पुढे १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांतून त्यांनी ज्या स्त्रिया व मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या, त्यांच्या आयुष्यातही उपास हा शब्द ‘पडणे’ ह्या क्रियापदाबरोबरच आलेला होता. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी तेथे रोजच्या प्रार्थनेसाठी सुमारे सत्तर जणींना एकत्र केले. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली व महिन्याच्या अखेरीस ते प्रसिद्ध संजीवन घडले. त्या घटनेच्या धार्मिक मूल्यमापनाशी येथे कर्तव्य नाही. भाषेच्या दृष्टीने प्रश्न असा, की जिने भुकेने माणसे मरताना पाहिली तिला कोणी ‘उपास कर’ असे म्हणावे, तर त्या शब्दाचा अर्थ तिला काय लागावा?

अहमदनगर भागातील अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास हा गावकुसाबाहेरील वस्तीचा व १८७६-७८ च्या दुष्काळानंतरच्या धर्मांतराचा इतिहास आहे. तेथे उपास पडत होते, काढले जात होते. व्रताचे उपास ही ज्याच्या घरी कोठी भरलेली आहे त्याची ऐपत होती. अशा समाजाने वर्षातून एक आठवडा स्वतःहून ‘उपास करतो’ असे म्हणणे, आणि तेही एकमेकांच्या घरी जमून म्हणणे, हा क्रियापदाचा बदल आहे. ‘पडणे’ जाऊन ‘करणे’ आले. जो कर्म होता तो कर्ता झाला. उपासाला त्यागाचे मोल येते ते अन्न नाकारण्याची शक्ती माणसाच्या हाती असेल तेव्हाच, आणि ती शक्ती आपल्या हाती आहे असे प्रथम म्हणण्याचा प्रसंग ह्या कुटुंबांना ह्या सप्ताहाने दिला. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात खरा उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे असे सांगितले आहे. मराठी मंडळीत तो अध्याय ऐकणाऱ्यांत भुकेले स्वतः बसलेले होते. ‘उपवासकाळ’, ‘प्रायश्चित्तकाळ’ हे कॅथॉलिक मराठीतील तत्सम शब्द शुद्ध व रेखीव आहेत, पण हा इतिहास त्यांच्यात मावत नाही. तो ‘उपास’ ह्या दोन दुष्काळ पाहिलेल्या शब्दातच मावतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध करताना बोलत्या मराठीचा जो आग्रह धरला, तो ह्या कारणानेही महत्त्वाचा मानला पाहिजे.

मग गुप्तपणे उपास करण्याविषयीची मत्तयातील आज्ञा? ती ह्या आचाराच्या विरुद्ध जाते असे काही जणांना वाटते. परंतु त्या वचनांचा रोख दाखविण्यावर आहे, एकत्र येण्यावर नाही, आणि मराठी समासाने ही अडचण आपल्या परीने सोडविली आहे. उपासप्रार्थनेला कोण आले होते हे सर्वांना ठाऊक असते. त्यांपैकी उपास कोणी केला होता हे विचारण्याची रीत नाही. ‘उपासाला काय चालते’ हा साबुदाणा, वरी, रताळी यांच्या यादीकडे नेणारा मराठी घरातला अटळ प्रश्नही येथे फारसा निघत नाही.

एक शब्द मात्र ह्या व्यवहारात आला नाही, तो ‘पारणे’. सप्ताहाचा साचा आला, जागर आला, एकत्र जेवण आले. परंतु ईस्टरच्या पहाटेच्या त्या पहिल्या घासाला मराठी मंडळीत अजून ‘उपास सोडणे’ एवढेच म्हणतात. कात्रजसारख्या वस्तीत शेजारच्या मल्याळी कुटुंबाकडे पेसहाच्या गुरुवारी वाटून खाण्याच्या अप्पमाला स्वतःचे नाव असते. मराठी घरात त्या रविवारी ताटात काय वाढले जाते आणि त्याला घरातील वृद्ध स्त्रिया काय म्हणतात, हे अहिल्यानगर, सातारा व वसई येथील बोलींतून टिपून घेण्याचे काम व्हावयाचे आहे.